वय २५, कपाळ ४५: केसगळतीवर खरंच काही उपाय असतो का?

मधला_भांग
नमस्कार मंडळी. तीन वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय आणि तोही या विषयावर. हसू नका. (हसणारच आहात, माहितीये.)

वय २५, मूळ कराड, सध्या हिंजवडीत नोकरी. गेला दीडेक महिना केस असे गळतायत की बाथरूमच्या जाळीवर रोज सकाळी उंदीर मरून पडल्यासारखा गोळा. कॉलेजात असल्यापासून कपाळाचे दोन कोपरे थोडे मागे सरकले होते, ते चालून जायचं, पण आता भांग पाडला की खालची टाळू दिसते. रूममेट म्हणतो टँकरच्या पाण्याने. आई म्हणते तेल लावत नाहीस, डोकं बघ कसं वाळवंट झालंय. सलूनवाला म्हणतो हेअर स्पा करा. ऑफिसातला एकजण त्याच्या क्लिनिकमध्ये घेऊन गेला, तिथल्या ताईंनी कॅमेरा लावून माझंच डोकं मला टीव्हीवर दाखवलं आणि आठ सिटिंगचं पॅकेज, आजच भरलं तर डिस्काउंट. डॉक्टर कुठेत विचारलं तर ते गुरुवारी येतात.

बाबांना तिशीतच पूर्ण टक्कल. मामाचे मात्र साठीतही घनदाट. केस आईकडून येतात असं वाचलंय, त्या आशेवर आहे.

घाई यासाठी की तुळशीचं लग्न झालं, आता घरच्यांना माझं दिसतंय. स्थळांना फोटो जुना द्यायचा की नवा यावरून आमच्याकडे दोन गट पडलेत. यातलं खरं काय आणि थोतांड काय एवढंच सांगा. पैसे घालवायची तयारी आहे, पण मूर्ख बनायची नाही.

उंडगा_बोका
फोटो नवा द्या, केस जुने द्या.

तर्कटपंजी
हसून हसून पुरेवाट. बोका, पहिला प्रतिसाद तरी जरा सहानुभूतीचा द्यायचा.

बाकी मामावर विसंबू नका. मला चार मामा, चौघांचेही केस बघण्यासारखे. मी सत्ताविसाव्या वर्षी टोपी घ्यायला लागलो.

निवृत्त_मास्तर
बाळा, मी तुझ्या वडिलांच्या वयाचा, म्हणून अनुभवाचं सांगतो. १९८४ साली माझं वय २७ आणि डोकं स्वच्छ. मिरजेला मुलगी बघायला गेलो ते काकांनी डोक्यावर गांधी टोपी चढवूनच नेलं, म्हणाले काहीही झालं तरी काढायची नाही. पोहे झाले, चहा झाला, मे महिन्याचा उकाडा, टोपीतून घामाच्या धारा. मुलीचे आजोबा सगळं बघत होते. शेवटी म्हणाले, "काढा हो जावईबापू ती टोपी, आम्ही पण काढतो." आणि स्वतःची काढली. आतमध्ये माझ्यासारखंच. सगळी बैठक हसली आणि लग्न तिथंच ठरलं. सौ. अजून म्हणते की टोपी काढली नसतीस तर मी नाही म्हणणार होते, घाम पुसता येत नाही असला नवरा कशाला.

तेव्हा टोपीबिपी घालू नकोस.

शेवंती
मास्तर, कमाल किस्सा आहे.

मुलीकडच्या बाजूने लिहिते. मी स्वतः एकाला नकार दिलाय, टकलामुळे नाही. पाऊण तासाचा व्हिडिओ कॉल, पठ्ठ्याने घरात बसून कॅप काढली नाही आणि कॅमेरा हनुवटीकडून लावलेला. मला वाटलं हा आणखी काय काय लपवेल. ज्याच्याशी लग्न केलं त्याचं मागे चांदीचं नाणं होतंच, आता ताटली झालीय. पण असंही म्हणणार नाही की मुलींना फरक पडत नाही, काहींना पडतो, जसा मुलांना रंगाचा पडतो. तोंडावर कुणी कबूल करत नाही एवढंच. त्यामुळे केसांवर उपाय शोधणं म्हणजे फार उथळपणा असं वाटून घेऊ नकोस.

अंबाजोगाईकर
त्वचारोगतज्ज्ञ आहे, जिल्ह्याच्या गावी प्रॅक्टिस. रोज पाच-सहा मुलं हाच प्रश्न घेऊन येतात आणि निम्मी येतात ती दोन वर्षं आणि पन्नास हजार घालवून झाल्यावर, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

"केस गळतात" या एका वाक्याखाली कमीत कमी तीन वेगवेगळे आजार येतात आणि लोक एकाचं औषध दुसऱ्याला लावतात. पहिलं म्हणजे आपलं नेहमीचं पुरुषी टक्कल. यात केस गळण्यापेक्षा बारीक होत जातात हे लक्षात घ्या. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी नावाचं एक तिखट भावंड तयार होतं, कपाळाच्या कोपऱ्यांवरची आणि टाळूवरची मुळं त्याला संवेदनशील असतात, ती दर फेरीला आधीपेक्षा बारीक, आखूड केस काढतात आणि शेवटी नुसती लव उरते. मजा म्हणजे तेच डीएचटी दाढी मात्र भरघोस वाढवतं. मानेकडच्या केसांना त्याचं काही देणंघेणं नसतं, म्हणून टकलालाही मागची झालर शाबूत असते. हे सगळं काही वर्षांत होतं, दीड महिन्यात नाही.

दुसरं, एकदम झडणं. डोक्यावर साधारण लाखभर केस असतात. एक केस २ ते ६ वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवडे उतरती कळा, मग तीनेक महिने विश्रांती आणि मग गळतो, त्यामुळे रोज ५० ते १०० गळणं हा हिशोबच आहे. पण शरीराला मोठा दणका बसला, म्हणजे जोराचा ताप, ऑपरेशन, उपाशी राहून केलेलं डाएट, की बरेचसे केस एकदमच विश्रांतीला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदमच गळतात. तोवर माणूस आजारपण विसरलेला असतो, म्हणून आळ पाण्यावर किंवा शाम्पूवर. कोविडनंतर असे इतके पेशंट बघितले की विचारू नका.

तिसरी चाई. गोल, गुळगुळीत चट्टा. ही आपल्याच प्रतिकारशक्तीची चूक, तिला वेगळी औषधं.

मामाबद्दल: यातला एक महत्त्वाचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो, तो आईकडूनच येतो हे खरं. पण तो एकटा नाही, बाकी कितीतरी जनुक आहेत आणि ते दोन्हीकडून येतात. बाबांना तिशीत टक्कल आहे तर ते मोजावंच लागेल.

आता मधला_भांग, एक प्रश्न. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये आजारी होतास का?

उंडगा_बोका
डॉक, तेच डीएचटी दाढी वाढवतं आणि डोकं साफ करतं? म्हणजे वरचा माल खाली उतरवतात, पंचायत समितीसारखं.

टेक्सासचा_तात्या
डॅलसहून. डॉक्टरांशी १०१% सहमत.

माझं वय ३९, गेली ११ वर्षं फिनास्टेराइड ही डीएचटी कमी करणारी गोळी घेतोय, रोज १ मिग्रॅ. केस परत आले का? थोडे. पण जिथे होते तिथेच थांबले, माझ्या भावाने काही घेतलं नाही, आमचे दोघांचे फोटो शेजारी ठेवले की प्रयोगच समोर दिसतो. या औषधाचा उगम भारी आहे. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या सालिनास गावात काही मुलं जन्मतः मुलींसारखी दिसायची आणि वयात आली की पुरुष व्हायची. १९७४ साली शास्त्रज्ञांनी शोधलं की यांच्यात डीएचटी बनवणारं एन्झाइमच कमी आहे. मोठेपणी यांची प्रोस्टेट लहान राहायची आणि टक्कल नाहीच! त्यावरून गोळी निघाली, आधी १९९२ ला प्रोस्टेटसाठी ५ मिग्रॅ, मग १९९७ ला केसांसाठी १ मिग्रॅ. मी सुरुवातीला पैसे वाचवायला ५ ची गोळी चार तुकडे करून खायचो.

मिनॉक्सिडिल हे केस वाढवायचं औषध पण डोक्याला लावायचो, ते सोडलं कारण घरात मांजर आलं. मांजरांना ते विषारी आहे, उशीला लागलेलं चाटलं तरी जिवावर बेततं.

उंडगा_बोका
हा धागा आता माझ्यासाठी वैयक्तिक झालाय.

अंबाजोगाईकर
तात्या, गोळीचे तुकडे घरात करू नका, विशेषतः बायको गरोदर असेल किंवा राहणार असेल तर. तुटलेल्या गोळीची पूड तिच्या हाताला लागायला नको, पोटात मुलगा असेल तर त्याच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. या गोळीवर असताना रक्तदानही करायचं नाही, सोडल्यावर महिना जाऊ द्यायचा. आणि पन्नाशीनंतर प्रोस्टेटची पीएसए तपासणी कराल तेव्हा सांगा की ही गोळी घेतो, आकडा निम्मा दिसतो आणि डॉक्टर फसतो.

मनातला_पाऊस
तात्यांचा अनुभव चांगला आहे म्हणून दुसरी बाजू लिहितोय. आयडी खास यासाठी काढलाय.

२६व्या वर्षी मी हीच गोळी चार महिने घेतली. मेडिकलवाल्याने दिली, डॉक्टर नाहीच. दुसऱ्या महिन्यापासून इच्छाच मेली, नुकतं लग्न झालेलं, बायकोला काय सांगणार. वर सतत उदास. मला वाटायचं ऑफिसमुळे. एका रात्री गोळीच्या पाकिटातला कागद वाचला आणि घाम फुटला. बंद केली, पाच-सहा आठवड्यांत माणसात आलो. केस गेले ते गेले. कुणाला घाबरवत नाहीये पण "काही होत नाही रे" म्हणणारे दहा भेटतात म्हणून.

तर्कटपंजी
मनातला_पाऊस, लिहिलंत ते बरं केलंत. पण एक शंका, कागद वाचल्यावर लक्षणं सुरू झाली असती तर मी मनाचा खेळ म्हटलं असतं, तुमची तर आधीच होती. डॉक, आकडे काय म्हणतात?

अंबाजोगाईकर
मूळ चाचण्यांमध्ये लैंगिक तक्रारी गोळी घेणाऱ्यांपैकी ३.८ टक्क्यांना आणि तुलनेसाठी औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी २.१ टक्क्यांना होत्या. म्हणजे बहुतेकांना त्रास नाही, पण ज्याला होतो त्याला शंभर टक्के होतो. बहुतेकांचं बंद केल्यावर ठीक होतं, काहीजण मात्र नंतरही त्रास राहिल्याचं सांगतात. मनःस्थितीबद्दल पूर्वी आम्ही हे फार हलक्यात घ्यायचो, ते चुकलंच. २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी आत्महत्येचे विचार येणं हा या गोळीचा दुष्परिणाम असल्याचं स्पष्ट म्हटलंय. म्हणून आधी नैराश्याचा त्रास झालेल्याला मी ती देत नाही, आणि देतो त्याला बायकोसमोर बसवून सगळं सांगतो. मेडिकलवाल्याकडून परस्पर तर अजिबात नाही.

कोल्हापुरी_पैलवान
जिम चालवतो. रोज पोरं विचारत्यात क्रिएटिननं, म्हंजी ताकदीसाठी खात्यात त्या पावडरीनं, टक्कल पडतं का. ते २००९ च्या एका अभ्यासावरनं सुरू झालं, दक्षिण आफ्रिकेतली २० रग्बी खेळणारी पोरं, डीएचटी वाढलं म्हणून आलं त्यात, पण केस कुणी मोजलेच न्हाईत. त्यामुळं क्रिएटिनला मी भीत न्हाई. इंजेक्शनं मात्र वेगळी गोष्ट हाय गड्यांनो. बाहेरनं टेस्टोस्टेरॉन मारून घेणारी पोरं, ज्येंच्या घराण्यात टक्कल हाय, त्येंची दोन वर्षांत माळरानं झालेली डोळ्यानं बघितल्यात. दंड आलं आनि डोकं गेलं.

वैद्यकन्या
सगळं ॲलोपॅथीचंच चाललंय म्हणून चार ओळी. आयुर्वेदात टकलाला खालित्य, चाईला इंद्रलुप्त आणि पिकण्याला पालित्य अशी वेगळी नावं आहेत, म्हणजे हे तीन वेगळे हे आपल्याकडे माहीत होतंच. माका, आवळा, ब्राह्मी, जास्वंद यांची तेलं परंपरेने वापरली जातात. रात्रीची जागरणं, अतितिखट, अतिआंबट कमी करा. माझ्याकडे फरक पडलेले रुग्ण आहेत.

तर्कटपंजी
नावं वेगळी ठेवली याचं श्रेय मान्य. पण फरक पडलेले रुग्ण नेमके कोणते? तापानंतर झडलेले केस सहा महिन्यांत आपोआप येतात. त्या सहा महिन्यांत माणूस माका लावेल तर माक्याचा गुण, कांदा चोळेल तर कांद्याचा आणि नुसता मारुतीला तेल घालेल तर मारुतीचा. जन्माचं टक्कल तेलाने परत आलेलं एक डोकं दाखवा. औषधांच्या कायद्यात शेड्यूल जे म्हणून यादी आहे, त्यातल्या रोगांवर बरं करण्याचा दावाच औषधाला करता येत नाही, त्यात टक्कल आहे. तरी प्रत्येक एसटीच्या मागे जाहिरात.

वैद्यकन्या
तुमच्या आयडीप्रमाणे लिहिलंत. मी "जन्माचं टक्कल परत आणते" असं कुठेही म्हटलेलं नाही, वरचं परत वाचा. उलट तसं म्हणणाऱ्यांमुळे आमची बदनामी होते. मी पन्नाशीच्या चकचकीत डोक्याला तेल देत नाही, घरी पाठवते.

अंबाजोगाईकर
भांडू नका. तेलाबद्दल माझं मत असं की आईचं मन राखायला जरूर लावा. खोबरेल केसाच्या दांड्यात शिरतं, प्रथिनं कमी झिजतात, विंचरताना केस कमी तुटतात, यावर खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्याच मुंबईच्या लोकांचा २००३ चा पेपर आहे आणि तो बरा आहे. पण केसाला ते मदत करतं, मुळाला नाही. कोंडा असेल तर रात्रभर तेल ठेवू नका, वाढतो. कांद्याच्या रसावर बगदादच्या डॉक्टरांनी अभ्यास केला होता, तो चाईवर होता, टकलावर नाही. पाण्याचंही तसंच, बोअरच्या पाण्याने केस राठ होतील, तुटतील, पण टक्कल पडत नाही. हेल्मेटनेही नाही. हेल्मेट काढून फिरणारे दोघं मागच्याच महिन्यात आमच्या रुग्णालयात आले होते, टाळूच फाटलेली.

शेगावकर
पाण्याचं निघालं म्हणून लिहितो. आमच्या तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा, कठोरा या गावांत डिसेंबर २०२४ च्या शेवटी आणि जानेवारीत जे झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं असेल, तीन-चार दिवसांत लोकांची डोकी सफाचट, बायका, पोरं, म्हातारे कुणीच सुटलं नाही. टीव्हीवाल्यांनी टक्कल व्हायरस नाव दिलं. माझ्या मावसबहिणीच्या गावचं पाणी तर कुणी प्यायना, लोकं हात मिळवायला भीत होते, जमलेल्या सोयरिकी थांबल्या. दिल्लीहून आयसीएमआरचं पथक आलं. पुढे डॉ. हिंमतराव बावस्करांनी लोकांचं रक्त आणि रेशनचा गहू तपासून सांगितलं की गव्हात सेलेनियम नावाचं खनिज भरपूर आहे. नंतर काहींची नखं पण गळाली. केस मात्र बऱ्याच जणांचे परत आले.

त्यामुळे पाण्याने काही होत नाही हे मान्य, पण खाण्यातून होऊ शकतं.

अंबाजोगाईकर
शेगावकर, अगदी बरोबर आणि चांगली आठवण काढलीत. तीन दिवसांत गेले, बायकापोरांचेही गेले, म्हणजे ते पुरुषी टक्कल नव्हतंच, विषबाधेसारखं काहीतरी. आणि हे वाचून कुणी मल्टिव्हिटॅमिनच्या बाटल्या आणू नका, त्यातही सेलेनियम असतं आणि जास्त झालं तर केस गळतात. केसांसाठी बायोटिन खाणाऱ्यांनी थायरॉइडच्या तपासणीआधी लॅबला सांगा, रिपोर्ट खोटा येतो.

निवृत्त_मास्तर
अवांतर: बावस्कर म्हणजे महाडचे विंचूदंशवालेच ना? आमच्या कोकणातल्या नोकरीत विंचू चावून मुलं दगावलेली पाहिली आहेत. त्यांनी रक्तदाबाची गोळी देऊन ती वाचवली. त्यांना नमस्कार.

अंबाजोगाईकर
तेच. त्या गोळीचं नाव प्राझोसिन. आणि गंमत बघा मास्तर, मिनॉक्सिडिल पण मुळात रक्तदाबाचीच गोळी. ती खाणाऱ्यांच्या अंगावर, कपाळावर भलतीकडे केस उगवायला लागले, त्यावरून पातळ करून डोक्याला लावायला काढली, १९८८ पासून अमेरिकेत अधिकृत.

दीडशहाणा
ट्रान्सप्लांटचं अजून कुणी लिहिलं नाही, मग मी लिहितो, आयडी सार्थ आहे.

२३ व्या वर्षी केलं. ऑफरमध्ये. शहराचं आणि क्लिनिकचं नाव लिहीत नाही, त्यांचे वकील आमच्या गावचेच निघाले. सकाळी आठला पालथा झोपवला, मागून एकेक मूळ काढून पुढे लावायचं, दिवसभर चालतं. डॉक्टर आले, भूल दिली, फोटोला उभे राहिले आणि गेले. पुढचं सगळं दोन पोरांनी केलं, त्यातला एक मध्येच फोनवर आयपीएलचा स्कोअर विचारत होता. मी म्हटलं होतं कपाळ छोटं करा, त्यांनी केलं, शाळेतल्यासारखी सरळ रेघ. पंधरा दिवसांनी लावलेले गळाले, घाबरलो, ते नॉर्मल असतं म्हणे, चौथ्या महिन्यापासून आले, वर्षभरात भारी दिसायला लागलो. फेसबुकला फोटो, पन्नास कमेंटी.

पण पुढचे लावलेले कायमचे असतात, त्यांच्या मागचे माझे स्वतःचे नव्हेत हे कुणी सांगितलंच नाही. औषध काही चालू नव्हतं. सत्ताविसाव्या वर्षी मधले गेले. आता पुढे केसांचं बेट, मागे पाणी आणि मग काठ. मानेकडचा माल आधीच संपवलेला, परत करायचं तर काढणार कुठून. शेवटी झिरो मशीन मारलं तर मागे पांढऱ्या ठिपक्यांची रांगोळी.

अंबाजोगाईकर
दीडशहाणा, हे वाचून वाईट वाटलं, आणि दुर्मिळही नाही. तेविसाव्या वर्षी टक्कल कुठवर जाणार हे कुणालाच माहीत नसतं, म्हणून सहसा पंचविशीच्या आत करूच नये, आधी वर्षभर औषध घेऊन गळणं थांबवावं. मागची शिल्लक जन्माला पुरवायची असते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच सांगितलंय की हे प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरनेच करायचं, व्हिडिओ बघून शिकलेल्याने नाही. "सुई कोण धरणार" हा प्रश्न पैसे भरण्याआधी विचारा.

व्यवस्थापक
या धाग्यावरचे "सात दिवसांत केस" तेलाचे चार प्रतिसाद उडवले आहेत. चारही आयडींचा जन्म आज दुपारचा. कृपया जाहिरात करू नये.

उंडगा_बोका
व्यवस्थापक, सात दिवसांत केस उगवतात की नाही माहीत नाही, आयडी मात्र एका दुपारी चार उगवले.

मधला_भांग
अरे बापरे, दोन दिवस गावाला होतो तेवढ्यात इतकं! सगळ्यांचे मनापासून आभार. दीडशहाणा, तुमचं वाचून त्या पॅकेजवाल्यांचा नंबर ब्लॉक केला.

डॉक्टर, तुमचा प्रश्न वाचला आणि अंगावर काटा आला. हो. गणपतीनंतर डेंगी झाला होता, पाच दिवस ॲडमिट, प्लेटलेट्स तीस हजारांवर. इतके दिवस हे मला सुचलंच नाही! सहा किलो वजन उतरलं होतं. पण केस मुळासकट येतायत, टोकाला पांढरा ठिपका असतो, म्हणजे मूळच गेलं ना?

अंबाजोगाईकर
झालं. सप्टेंबरात डेंगी, नोव्हेंबरात गळती, कॅलेंडरप्रमाणे.

पांढरा ठिपका म्हणजे मूळ नव्हे. विश्रांतीला गेलेल्या केसाचं ते गुंडाळलेलं टोक, मूळ कातडीत खाली शाबूत आहे, तिथून नवा येतो. हा भाग बहुतेक आपोआप भरेल, पण कोपरे आधीपासून सरकलेत आणि बाबांचं टक्कल, म्हणजे खाली दुसरं पण चालू असणार. जवळच्या त्वचारोगतज्ज्ञाला दाखव, भिंगातून टाळूचे आणि मानेचे केस जाडीला सारखे आहेत का बघतात, दोन मिनिटांचं काम. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड, डी आणि बी-१२ बघून घे. मिनॉक्सिडिल दिलं तर पहिल्या महिन्यात आणखी गळतील, त्याला घाबरून सोडू नकोस, चार महिन्यांआधी फरक दिसत नाही. आणि सोडलं तर मिळालेलं परत जातं, हे आधीच माहीत असू दे.

शेवंती
अगदी. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात माझे असेच गेले होते, सासूबाई रोज उशीवरचे गोळा करून दाखवायच्या. वर्षाच्या आत आले.

निवृत्त_मास्तर
वाचनखूण साठवली. नातवाला दाखवायला.

मधला_भांग
पाच महिन्यांनी धागा वर काढतोय, काय झालं ते सांगायचं राहिलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी भिंगातून बघून अंबाजोगाईकर म्हणाले तेच सांगितलं, दोन्ही आहे. व्हिटॅमिन डी ११ निघालं, फेरिटिनही कमी. फेब्रुवारीपासून गळणं थांबलं, जाळी स्वच्छ. भांगेत बारीक नवे केस उभे राहतात, कंगव्याला दाद देत नाहीत. कोपरे मात्र तिथेच आहेत, ते भरणार नाहीत असं त्यांनी तोंडावर सांगितलं. मिनॉक्सिडिल लावतोय. गोळीचं मनातला_पाऊस आणि तात्या दोघांचंही त्यांना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या वर्षभर थांबू, आत्ताच्या वेगावर ठरवू. आई तेल लावते, रविवारी, मी लावू देतो.

फोटो नवा दिला. दोन नकार, एक "बघू", आणि एका ठिकाणी जमायच्या मार्गावर आहे. तिच्या बाबांना पण टक्कल आहे, त्यांनी पहिल्यांदा माझ्या डोक्याकडे बघितलं, मग माझ्या बाबांच्या, आणि मग चहा मागवला.

टेक्सासचा_तात्या
अभिनंदन! मास्तरांची परंपरा चालू राहिली.

पोपटी_मिरची
नवीन सदस्य. धागा वर दिसला म्हणून वाचला पूर्ण. माझं वय १९. तीन महिन्यांत खूप गळाले, बाबांना पण टक्कल आहे. मिनॉक्सिडिल कुठलं घेऊ?

मधला_भांग
थांब, लगेच बाटली घेऊ नकोस. मागच्या तीन-चार महिन्यांत ताप वगैरे आला होता का?

पोपटी_मिरची
नाही दादा, ताप काही नाही. उलट तब्येत एकदम भारी आहे, नऊ किलो वाढलं. जिमचे सर आठवड्याला एक इंजेक्शन देतात ताकदीचं.

कोल्हापुरी_पैलवान
कसलं इंजेक्शन? बाटलीचा फोटो काढ आनि खासगी निरोपात पाठव मला. आत्ता.